सशाचे पोट, सशाची भीती

सशाच्या कोपऱ्यात सकाळी झाडू मारताना जे गोळा होते, ते टाकून देण्याआधी एकदा नीट पाहावे. निरोगी सशाची लेंडी गोल, कोरडी, तपकिरी आणि जवळपास एकाच मापाची असते. बोटांनी चुरली तर आतून गवताचा भुसा निघतो, वास जवळजवळ येत नाही. मोठा ससा दिवसभरात अशा दोन-तीनशे लेंड्या टाकतो. त्या अचानक बारीक झाल्या, वेड्यावाकड्या झाल्या, केसांनी एकमेकींना जोडलेल्या दिसल्या किंवा निम्म्यावर आल्या, तर ससा आजारी पडू लागला आहे असे समजावे. त्या वेळी तो कोपऱ्यात शांत बसलेला असतो, डोळे उघडे असतात, अंगावर जखम नसते. घरातली माणसे म्हणतात, आज जरा दमलाय.

सशाचे बहुतेक मरण या ‘जरा दमलाय’मध्ये लपलेले असते. तो शिकार होणारा प्राणी आहे. मोकळ्या रानात लंगडणारा, कण्हणारा ससा कोल्ह्याच्या किंवा घारीच्या नजरेत आधी भरतो. म्हणून दुखणे झाकून ठेवण्याची सवय त्याच्या हाडीमाशी खिळलेली आहे. कुत्रा केकाटतो, मांजर ओरडते. ससा मात्र फक्त खाणे थांबवतो. त्याला सांभाळायचे तर दोन गोष्टी मुळापासून समजून घ्याव्या लागतात : त्याचे पोट कसे चालते आणि तो कशाला घाबरतो.

आधी पोट. ससा गाईसारखाच गवतावर जगतो, पण त्याला चार कप्प्यांचे पोट नाही आणि रवंथही करता येत नाही. त्याने वेगळी सोय केली आहे. लहान आणि मोठे आतडे जिथे मिळतात तिथे त्याची उंडुक नावाची पिशवी असते. माणसात ती बोटभर असते, सशाच्या पोटात मात्र सर्वांत मोठी जागा तीच अडवते. मोठ्या आतड्यात गवताची छाननी होते. जाड, न पचणारे धागे पुढे ढकलले जातात आणि कोरड्या लेंड्या होऊन बाहेर पडतात. बारीक कण आणि पाणी मागे वळून उंडुकात जातात. तिथे असंख्य जिवाणू ते आंबवतात, त्यातून प्रथिने आणि ब गटातली जीवनसत्त्वे तयार करतात. पण उंडुक लहान आतड्याच्या पुढे आहे. म्हणजे तयार झालेले हे सत्त्व शोषून घ्यायची जागा मागेच राहिलेली असते.

मग ससा तेच पुन्हा खातो. रात्री उशिरा किंवा पहाटे, सगळे निवांत असताना, उंडुकातला ऐवज मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या घोसासारख्या लेंड्यांच्या रूपाने बाहेर येतो. ससा मान वळवून तो थेट गुदद्वाराशीच तोंडात घेतो आणि न चावता गिळतो. प्रत्येक मऊ लेंडीवर बुळबुळीत आवरण असते, त्यामुळे जठरातल्या आम्लातही आतले जिवाणू काही तास तग धरतात. मोरो नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने १८८२ साली याचे वर्णन केले होते. तरी आजही नवा मालक हे दृश्य पाहून हबकतो आणि ससा घाण खातो म्हणून त्याला रागावतो. त्याला ते करू दिले नाही, तर पोटभर चारा असूनही तो कुपोषित होईल.

उलट या मऊ लेंड्या फरशीवर पडून राहिलेल्या दिसल्या, सशाच्या मागच्या केसांना चिकटलेल्या दिसल्या, तर खाण्यात काहीतरी चुकते आहे. बहुधा गोड किंवा पिठूळ पदार्थ जास्त झालेले असतात. नाहीतर ससा इतका लठ्ठ झालेला असतो की त्याचे तोंड तिथवर पोचत नाही.

दातही गवताशीच बांधलेले आहेत. सशाला एकूण २८ दात असतात आणि ते सगळेच्या सगळे, पटाशीचे आणि दाढासुद्धा, आयुष्यभर वाढतात. पुढचे दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वाढतात. वरच्या पटाशीच्या दातांमागे आणखी दोन बारीक दात दडलेले असतात. उंदरांना ते नसतात. अशा फरकांमुळेच १९१२ पासून ससे हे उंदीर-घुशींच्या गणातून बाहेर काढून स्वतंत्र गणात ठेवले गेले. हे वाढते दात झिजतात ते गवताने. गवताच्या पात्यात वाळूसारखे कठीण सिलिका असते आणि ते चघळताना जबडा आडवा, मिनिटाला शंभराहून अधिक वेळा हलतो. लाकडाचा ठोकळा कुरतडून पुढचे दात झिजतील, दाढा नाही. मऊ खाण्यावर वाढलेल्या सशाच्या दाढांना काटे फुटतात, ते जिभेत आणि गालात रुततात, आणि मग भूक असूनही ससा ताटाजवळ येऊन मागे फिरतो. लाळेने हनुवटी ओली राहते. ही ओली हनुवटी हाताला लागली की डॉक्टरकडे जायला उशीर करू नये.

म्हणून सशाच्या ताटात गवत हे तोंडी लावणे नसून मुख्य जेवण आहे. दिवसाच्या खाण्यात पाचापैकी चार वाटे गवताचे असावेत आणि ते चोवीस तास समोर असावे. परदेशी पुस्तके टिमथी गवताचे नाव घेतात, ते इकडे आयात होऊन महाग मिळते. ते परवडत नसेल तर अडून बसायचे कारण नाही. बांधावरची हरळी, म्हणजेच दूर्वा, सशाला उत्तम. फवारणी झालेल्या शेतातली किंवा रस्त्याकडेची मात्र नको. ती धुऊन, सावलीत निथळून ओली देता येते आणि उन्हात वाळवून साठवताही येते. ओटाचे वाळलेले गवत चालते. लसूणघास गुरांना आवडतो तसा सशालाही आवडतो, पण तो वाढत्या पिल्लांनाच भरपूर द्यावा. त्यात कॅल्शियम फार असते, ससा ते जवळपास सगळे शोषून घेतो आणि जास्तीचे लघवीवाटे टाकतो. मोठ्या सशाला रोज लसूणघास घातला तर मूत्राशयात गाळ साचतो, खडे होतात. कोवळी हिरवी ज्वारी नको, तिच्यातून सायनाइड तयार होते आणि गुरेसुद्धा दगावतात. पावसाळ्यात साठवलेल्या गवताला बुरशीचा वास येत असेल तर ते सरळ फेकून द्यावे.

गवतानंतर पाला. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, थोडी मेथी, आलटून पालटून मूठ-दोन मुठी. दुकानातल्या पेलेट्स दोन किलोच्या सशाला दिवसाकाठी ५० ग्रॅमपेक्षा जास्त नकोत. आणि गाजर? चित्रातल्या प्रत्येक सशाच्या हातात असलेले हे कंद साखरेने भरलेले आहे. नखाएवढा तुकडा अधूनमधून द्यावा, तोही लाड म्हणून. चपाती, भात, बिस्किट, पाव, चणे, दाणे यांतला पिष्टमय भाग उंडुकात गेला की तिथल्या चांगल्या जिवाणूंची घडी विस्कटते. कांदा, लसूण, चॉकलेट विषारी. गॅलरीतल्या कुंड्यांवरही नजर हवी : कण्हेर, डिफेनबेकिया, मनी प्लांट सशाच्या तोंडाला लागू देऊ नयेत. पाणी बाटलीच्या नळीपेक्षा जड वाडग्यात ठेवले तर ससा जास्त पितो. लघवी कधी नारिंगी, कधी विटकरी लाल दिसते. ते बहुतेक वेळा वनस्पतींतल्या रंगद्रव्यांमुळे असते. ससा कुंथत असेल किंवा लाल डाग वेगळे दिसत असतील, तरच ते रक्त आहे का याची तपासणी करावी.

सशाचे आतडे थांबले की सगळेच थांबते. त्याला ओकारी येत नाही, गेलेले फक्त पुढेच जाऊ शकते. तंतू कमी पडले, पाणी कमी पडले, दात दुखला, फटाक्यांनी धसका घेतला, यांतल्या कशानेही आतड्याची हालचाल मंदावते. मग वायू धरतो, पोट दुखते, दुखते म्हणून ससा खात नाही, खात नाही म्हणून आतडे आणखी मंदावते. दहा-बारा तास ससा काहीच खात नसेल आणि लेंड्या पडत नसतील, तर ती तातडीची वेळ आहे. उद्या सकाळी बघू म्हणण्याइतकी उसंत त्या शरीरात नसते. घरातल्या औषधांच्या डब्यालाही हात लावू नये. ॲमॉक्सिसिलिन माणसाला सर्रास दिले जाते, पण सशाच्या तोंडात गेले तर उंडुकातले उपयोगी जिवाणू मरून घातक जातींचे रान माजते आणि ससा विषबाधेने दगावू शकतो. कुत्र्याच्या गोचिडांसाठी वापरतात ते फिप्रोनिल सशाच्या अंगावर एक थेंबही नको. सशाला खरूज होते, कानात कीड होते, आपल्याकडे तर खूपच. तिच्यावर चांगली औषधे आहेत, पण मात्रा वजनावर ठरते आणि ती पशुवैद्यानेच ठरवावी.

आता भीती. घरातला ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालचा आणि शेजारच्या नैऋत्य फ्रान्सचा. जमिनीत बिळांची वसाहत करून राहणारा हा प्राणी रोमनांनी कुंपणात पाळला, मग मध्ययुगात युरोपभर गेला. सहाव्या शतकाअखेरीस पोप ग्रेगरी यांनी सशाची नवजात पिल्ले उपवासाला चालतील असे सांगितले आणि मठवासी साधूंनी ससा माणसाळवला, ही गोष्ट पुस्तकांतून वर्षानुवर्षे छापली गेली. २०१८ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी मूळ कागद तपासले तेव्हा पोपचा असा आदेशच सापडला नाही. कुठल्यातरी जुन्या लेखकाने दुसऱ्याच ग्रेगरीचा उल्लेख चुकून त्यांच्या माथी मारला होता. ससा माणसाळला तो एका दिवसात नाही, शेकडो वर्षांत, हळूहळू.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास अधिक बोलका आहे. स्वीडन आणि पोर्तुगालच्या शास्त्रज्ञांनी एकाच पद्धतीने वाढवलेल्या रानटी आणि पाळीव सशांच्या मेंदूंची एमआरआय चित्रे घेतली. पाळीव सशांत भीतीशी जोडलेला अमिग्डाला हा भाग लहान झालेला होता आणि त्या भीतीला आवर घालणारा पुढचा भाग मोठा. माणसाच्या सहवासाने सशाचा मेंदूच बदलला. पण भीती पुसली गेली नाही, कमी झाली एवढेच. वरून खाली येणारा हात आजही त्याला घारीच्या झेपेसारखाच वाटतो.

महाराष्ट्राच्या माळावर दिसणारा लांब कानांचा, उंच पायांचा रानससा हा याचा दूरचा भाऊबंद, वेगळ्याच प्रजातीचा. तो बीळ खणत नाही, गवतात दबा धरून बसतो. त्याची पिल्ले अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. आई त्यांना झुडपाआड एकटी सोडून दूर राहते आणि अंधार पडल्यावर दूध पाजायला येते. कापणीच्या वेळी सापडलेले असे पिल्लू पोरके नसते. ते घरी आणले की बहुधा मरते, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बाळगणे गुन्हा आहे. होते तिथेच, कापणीपासून थोडे बाजूला ठेवून निघून यावे.

पाळीव सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला मागचे दिसते, वरचे दिसते, फक्त नाकाच्या टोकाखालचे दिसत नाही. म्हणून तोंडासमोर बोट धरले की तो हुंगून, ओठांनी चाचपून पाहतो आणि कधी चावतोही. जवळ जायचे असेल तर जमिनीवर बसावे, बाजूने हात न्यावा आणि कपाळावरून मागे फिरवावा. बहुतेक सशांना उचलून घेतलेले आवडत नाही. याचे कारण त्याच्या हाडांत आहे. सशाचा सांगाडा वजनाच्या जेमतेम ७-८ टक्के असतो, मांजराचा १२-१३ टक्के. मागच्या पायांत मात्र प्रचंड ताकद. धरलेल्या सशाने हवेत जोराने लाथ मारली तर त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. कान धरून उचलणे ही तर क्रूरताच. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, अंगाशी घट्ट, आणि काम झाले की लगेच जमिनीवर. लहान मुलांनी उचलूच नये, शेजारी बसून कोथिंबिरीची काडी द्यावी.

ससा बोलत नाही असे म्हणतात, पण पाहणाऱ्याला तो पुष्कळ सांगतो. मागचा पाय जमिनीवर आपटणे म्हणजे धोक्याची सूचना. हनुवटी खुर्चीच्या पायाला, दाराला, माणसाच्या चपलेला घासणे म्हणजे हे माझे, कारण हनुवटीखाली गंधग्रंथी असतात. खुशीत आलेला ससा धावता धावता हवेत उडी मारून अंगाला पीळ देतो. पूर्ण निर्धास्त ससा एका कुशीवर धपकन पडतो आणि नवख्या माणसाला तो मेला असे वाटते. हलक्या आवाजात दात घासणे समाधानाचे, पण पोटाशी आक्रसून बसून करकर दात खाणे वेदनेचे. वेदना ओळखण्यासाठी न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये सशांच्या चेहऱ्याची मोजपट्टीच बनवली. मिटलेले डोळे, आत गेलेले गाल, टोकदार झालेले नाक, ताठरलेल्या मिशा आणि मागे वळून मिटलेले कान अशा पाच खुणांना त्यात गुण देतात. रोज आपल्या सशाचा निरोगी चेहरा पाहणाऱ्याला हा फरक लवकर कळतो.

पिंजऱ्याबद्दल स्पष्टच बोलायला हवे. बाजारात ससा ज्या तारेच्या पिंजऱ्यात मिळतो, तो जन्मभर राहण्याची जागा नाही. सशाच्या तळव्यांना कुत्र्यासारखी गादी नसते, फक्त दाट केस असतात. तारेवर बसून ते झिजतात, टाचा सोलवटतात, जखमा हाडापर्यंत जातात. ब्रिटनमधली सशांच्या कल्याणासाठी काम करणारी संस्था दोन सशांना तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर उंच जागा कायम उपलब्ध असावी असे सांगते. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये हे ऐकून लोक मान हलवतात. पण पिंजराच हवा असे कुठे आहे? अमेरिकेत मॅरिनेल हॅरिमन यांनी १९८५ साली घरात मोकळे ठेवलेल्या सशांवर पुस्तक लिहिले आणि तीन वर्षांनी तिथे त्यासाठी संस्थाही उभी राहिली. ससा एकाच कोपऱ्यात लघवी करण्याची सवय सहज लावून घेतो. ट्रेमध्ये कागद, वर गवत, आणि बाजूलाच चाऱ्याची टोपली ठेवावी. तो एकीकडे खातो, एकीकडे विधी उरकतो. विजेच्या वायरी मात्र प्लास्टिकच्या नळीत घालाव्याच लागतात, मोबाइलच्या चार्जरपासून फ्रिजपर्यंत.

आपल्याकडे सशाचा सगळ्यांत मोठा शत्रू उन्हाळा आहे. १५ ते २१ अंश हे त्याचे सुखाचे तापमान, आणि विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. ससा घामाने थंड होत नाही, कुत्र्यासारखे धापा टाकणेही त्याला जमत नाही. उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्यतः कान आहेत, पातळ कातडीखाली रक्तवाहिन्यांचे जाळे असलेले. हवाच तापली की कानही हतबल होतात. ३० अंशांच्या पुढे, विशेषतः कोकणातल्या दमट हवेत, त्याला धोका सुरू होतो. पत्र्याच्या छपराखाली किंवा पश्चिमेच्या गॅलरीत ठेवलेला ससा दुपारी दोन तासांत मरू शकतो. घरातल्या सर्वांत गार खोलीत, खालच्या शहाबादी फरशीवर त्याची जागा करावी. पाण्याची बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली की तो तिला टेकून पसरतो. कानांवरून ओला हात फिरवावा. तोंड उघडून श्वास घेऊ लागला, नाक ओले झाले, मान टाकली तर कान ओले करत डॉक्टरकडे न्यावे. गार पाण्याच्या बादलीत बुडवू नये, त्या धक्क्यानेच तो जातो. एरवीही सशाला आंघोळ घालायची नसते. लांब लोकरीचा अंगोरा ससा दिसतो गोजिरवाणा, पण त्याची जागा हिमाचलात. केंद्र सरकारच्या मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे अंगोराचे केंद्रही कुलूजवळ गडसा इथे आहे. नागपुरात अंगोरा पाळणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

विक्रेते ‘जोडी घ्या’ म्हणतात. सल्ला अर्धा बरोबर आहे, कारण ससा कळपात राहणारा आहे आणि एकटेपण त्याला सोसत नाही. पण पिल्लांमध्ये नर-मादी ओळखणे अवघड असते आणि दोन माद्या म्हणून आणलेली जोडी चार-सहा महिन्यांत वेगळेच काही सिद्ध करते. सशाच्या मादीचे बीज संगमानंतरच सुटते, त्यामुळे गर्भ राहण्याची शक्यता फार मोठी. ३१ दिवसांत वीण, आणि विण्याच्या दिवशीच ती पुन्हा गाभण राहू शकते. पिल्ले आंधळी, उघडीनागडी जन्मतात. आई छातीचे केस उपटून घरटे करते आणि दिवसातून एकदा, तीन-चार मिनिटे पाजून निघून जाते. बाकीचा दिवस ती तिकडे फिरकत नाही. आई पाजत नाही म्हणून घरची माणसे ड्रॉपरने दूध घालायला जातात आणि पिल्लाच्या फुप्फुसात दूध जाते. पिल्लांची पोटे सकाळी गोल आणि टणटणीत असतील, तर आईने आपले काम केले आहे.

वाढलेल्या सशांना मग बागेत, टेकडीवर ‘मोकळे’ सोडले जाते. ऑस्ट्रेलियात १७८८ साली पहिल्या जहाजांबरोबर पाच पाळीव ससे गेले होते, पुढेही अनेकांनी नेले, पण त्यांतले देशभर पसरले नाहीत. १८५९च्या नाताळात थॉमस ऑस्टिन यांनी इंग्लंडहून मागवलेल्या सशांनी तो खंड व्यापला. २०२२ साली झालेल्या जनुकीय अभ्यासात कळले, की त्या सशांत रानटी रक्त होते. पाळीव सशाकडे ते बळ नाही. पर्वतीच्या उतारावर सोडलेला पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा ससा रंगाने लपू शकत नाही. त्याला पहिल्या रात्रीच कुत्री गाठतात.

यावर उपाय नसबंदी. तिचा दुसरा फायदा मादीच्या जिवाचा आहे : नसबंदी न केलेल्या, चार वर्षांपुढच्या माद्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण काही अभ्यासांत निम्म्याहून अधिक आढळले आहे. चांगला सांभाळलेला ससा आठ ते बारा वर्षे जगतो, म्हणजे हा आजार टाळण्याला अर्थ आहे. पण सशाला भूल देणे हे कौशल्याचे काम, आणि प्रत्येक जनावरांच्या डॉक्टरला सशांचा सराव नसतो. ससा घरी आणण्याआधीच डॉक्टर शोधून ठेवावा आणि त्यांना एक प्रश्न विचारावा : ऑपरेशनआधी किती तास उपाशी ठेवायचे? कुत्र्या-मांजराला उपाशी ठेवतात, कारण भुलेत ओकारी येऊन ती श्वासनळीत जाऊ शकते. सशाला ओकारीच येत नाही, उलट उपासाने त्याचे आतडे थांबते. ‘रात्रभर काही देऊ नका’ असे उत्तर आले तर दुसरा डॉक्टर गाठावा. ‘सोबत त्याचे रोजचे गवत घेऊन या, शुद्धीवर आला की लगेच खायला घालू’ असे म्हणणारे डॉक्टर भेटले, तर त्यांचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवावा.